बाबांच्या हातावरचा पट्टा: प्रकल्प नोंदी

बाबा ७४ वर्षांचे आहेत. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत, पण घरी असले की दुपारनंतर ते ती काढून डबीत ठेवतात. दिवसभर लावली की कानात घाम येतो, डोकं जड होतं. यंत्रं डबीत गेली की दारावरची बेल त्यांच्यापुरती बंद होते. म्हणून बेल, फोन आणि धुराचा अलार्म यांची खबर हातावर कंपनाने देणारा पट्टा करायला घेतला.

काम मी तीन आठवड्यांचं धरलं होतं. साडेचार महिने लागले. त्यातलं सर्किट आणि कोडचं काम पंधरा दिवसांचं. बाकीचा सगळा वेळ मनगट, कातडी, बोटं आणि सवयी यांच्यामागे गेला. ज्यांना असं काही घरच्या माणसासाठी करायचं आहे त्यांच्यासाठी मुख्यतः तोच भाग लिहिते आहे.

४ जून

पहिली जुळणी. ईएसपी३२ (वायफाय असलेलं छोटं संगणक-बोर्ड), १० मिलिमीटरची नाण्यासारखी कंपन मोटर, एक ट्रान्झिस्टर, एक डायोड, ४०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी आणि टीपी४०५६चं चार्जिंग बोर्ड. बेलच्या बटणापाशी दुसरं बोर्ड. बटण दाबलं की ते वायफायवरून पट्ट्याला निरोप धाडतं. टेबलावर पहिल्याच दिवशी चाललं. बाबांच्या मनगटावर बांधून दाखवलं, त्यांना कंप जाणवला, आणि अर्धं काम झालं असं मी वहीत लिहून ठेवलं. ती ओळ आता खोडली आहे.

७ जून

दोन गोष्टी बिघडल्या. वायफाय सतत चालू असल्याने बॅटरी चार तासांत संपते. आणि चार्ज होताना पट्ट्याची डबी इतकी तापली की हात मागे घ्यावा लागला. तापमापी लावली तर ५१ अंश सेल्सिअस.

कारण माझं दुर्लक्ष. टीपी४०५६च्या तयार बोर्डावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे चार्जिंगचा प्रवाह १ अँपिअर. ४०० मिलिअँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीला तो क्षमतेच्या अडीच पट होतो. रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावला, प्रवाह २५० मिलिअँपिअरवर आला, डबी कोमटसुद्धा होत नाही. ती बॅटरी मात्र थोडी फुगल्यासारखी दिसली म्हणून बाद केली. फुगलेली बॅटरी माणसाच्या हातावर परत बांधायची नाही, कितीही चालत असली तरी.

कातडीला सतत टेकून राहणाऱ्या वस्तूसाठी ४३ अंश ही मर्यादा धरतात. ४८ अंशांवर दहा मिनिटांतही भाजू शकतं. वय झालेल्या माणसाला चटका उशिरा कळतो. त्यामुळे पट्टा हातात असताना चार्ज होऊच नये, हा नियम त्या दिवसापासून.

१२ जून

वायफाय सोडलं. एनआरएफ५२ मालिकेतलं बोर्ड आणि ब्लूटूथ लो एनर्जी, म्हणजे कमी वीज खाणारं ब्लूटूथ. एका चार्जमध्ये सहा दिवस. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, सुरुवातीलाच हे करायला हवं होतं.

२० जून

इशारे असे ठरवले होते: दार म्हणजे एक छोटा ठोका, फोन म्हणजे दोन, धूर म्हणजे तीन. प्रत्येक ठोका ८० मिलिसेकंदांचा. बाबांना समोर बसवून ३० वेळा चाचणी घेतली, तिसाच्या तीस बरोबर. मी खूश.

२१ जून

कालची चाचणी रद्द. बाबा माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते. माझा अंगठा किती वेळा हलतो ते त्यांना दिसत होतं. त्यांनी लबाडी केली असं नाही. समोरच्याच्या ओठांवरून आणि हातांवरून अर्थ लावायची त्यांना इतक्या वर्षांची सवय आहे की ते आपोआप होतं.

आज दुसऱ्या खोलीत बसले. इशारे प्रोग्रामनेच आपल्या मनाने, कधी दहा सेकंदांनी तर कधी सहा मिनिटांनी पाठवले, आणि बाबांनी कागदावर टिपले. बसून असताना तिसांपैकी २२ बरोबर. जिना चढता-उतरता ११. केर काढताना ९.

कागद नीट पाहिल्यावर चूक कुठे आहे ते उलगडलं. इशारा अजिबात कळला नाही असं फार थोड्या वेळा झालं. फोनला दार, धुराला फोन असंच बहुतेक झालं होतं. पहिला ठोका निसटतो, कारण हात हलत असतो आणि लक्ष दुसरीकडे असतं. मोजून ओळखायच्या इशाऱ्यात एक ठोका निसटला की उत्तर अर्धवट येत नाही, सरळ चुकीचं येतं. त्यात ही मोटर भोवऱ्यासारखं वजन फिरवून कंप देते, पूर्ण वेग घ्यायला तिला वेळ लागतो. ८० मिलिसेकंदांत ती जेमतेम जागी होते.

शिवाय कंपनाचा जोर मी माझ्या मनगटावर ठरवला होता. सुमारे २५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २५० वेळा होणाऱ्या कंपनाला कातडी सर्वांत जास्त दाद देते, पण वयाबरोबर नेमकी तीच जाण कमी होत जाते. मला जे जोरदार वाटतं ते बाबांना पुसट वाटत होतं, आणि मी त्यांना एकदाही तसं विचारलं नव्हतं.

२७ जून

मोटर बदलली. आता सरळ रेषेत मागेपुढे होणारी, म्हणजे लिनिअर रेझोनंट प्रकारची मोटर आणि तिला चालवणारी डीआरव्ही२६०५एल चिप. ही लवकर सुरू होते आणि चिप तिला ब्रेक लावून थांबवतेही, त्यामुळे ठोक्यांमधली शांतता खरोखर शांत राहते.

एक दिवस मात्र वाया गेला. मोटर डबीच्या तळाला पक्की चिकटवली होती. त्यामुळे बॅटरीसकट सगळी डबीच थरथरायची आणि कातडीपर्यंत काहीच पोचायचं नाही. डबीला खालून गोल भोक पाडलं, मोटर फोमच्या पातळ चकतीवर बसवली, तिचा चेहरा भोकातून कातडीला टेकेल इतकाच बाहेर ठेवला. तेवढीच वीज, पण बाबा म्हणाले, “आता बोट लावल्यासारखं वाटतं.”

पट्टा फार आवळला तर ही मोटर दबते आणि कंप उलट कमी होतो. जाणवत नाही म्हटल्यावर आवळायचं ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. इथे ती चुकीची आहे.

३० जून

इशारे नव्याने. या वेळी बाबांना विचारलं की तुम्हाला दार कसं आठवतं, फोन कसा आठवतो. त्यांचे कान चाळिशीपर्यंत उत्तम होते. त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं.

दार: टक टक, टक. कडी वाजवल्यासारखं.

फोन: जुन्या टेलिफोनची घंटी. ०.४ सेकंद, ०.२ सेकंद थांबा, पुन्हा ०.४, मग दोन सेकंद शांत. त्यांनी टेबलावर वाजवलेलं मी घड्याळ लावून मोजलं तेव्हा ते या मापाच्या अगदी जवळ होतं. इतक्या वर्षांनंतर.

धूर: अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद, असं तीनदा, मग दीड सेकंद थांबा. हा अनेक देशांत धुराच्या अलार्मचा ठरलेला ताल आहे, तो बदलायचं कारण नव्हतं.

प्रत्येक इशारा तीनदा येतो. आता मोजायचं काही नाही, चाल ओळखायची. सुरुवात निसटली तरी पुढच्या फेरीत सापडते. दुसऱ्या खोलीतली तीच चाचणी: बसून २९, जिन्यावर २६, केर काढताना २६. शिकवायला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण शिकवायचं काही उरलंच नव्हतं.

५ जुलै

धुराबद्दल स्पष्ट लिहून ठेवते. साध्या धूर-अलार्मचा आवाज सुमारे ३,००० हर्ट्झचा, म्हणजे वरच्या पट्टीतला असतो, आणि वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात आधी हीच पट्टी जाते. झोपलेल्या माणसाला जागं करायला ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज जास्त उपयोगी ठरतो. बाबांच्या खोलीत प्रमाणित, खालच्या पट्टीचा अलार्म आणि गादीखाली ठेवायची कंपन-चकती विकत आणून बसवली आहे. पट्टा त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. घरी सोल्डर केलेल्या वस्तूवर कुणाचा जीव टांगू नये.

१९ जुलै

दोन आठवडे पट्टा वापरात. रोज संध्याकाळी विचारते, बाबा म्हणतात, “छान आहे. घालतो की.”

बोर्डावर हालचाल मोजणारा सेन्सर होताच. पट्टा किती तास हातावर असतो ते बघायला मी त्याची नोंद साठवून ठेवत होते. आज ती उघडली. दहापैकी आठ दिवस सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वापाच पट्टा अजिबात हललेला नाही. म्हणजे मी घराबाहेर असते तेवढा वेळ तो टेबलावर.

मी आलेख काढून त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, तू येतेस तेव्हा घालतो. तुला बरं वाटावं म्हणून.” आणि थोड्या वेळाने, “मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. माझ्यावर यंत्र कशाला बसवलंस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोंद ठेवते आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. बेल कळावी म्हणून दिलेली वस्तू ते कधी उठतात, कधी बसतात हे मला सांगत होती, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कोडमधून तो भाग त्यांच्यासमोर काढून टाकला, साठवलेली फाइलही पुसली.

२० जुलै

त्याऐवजी वही. पट्टा काढला की बाबा वेळ आणि कारण स्वतःच्या हाताने लिहिणार. लिहावंसं वाटलं नाही तर नाही लिहिणार. हा उपाय त्यांनीच सुचवला.

२ ऑगस्ट

वहीतली कारणं, त्यांच्याच शब्दांत:

“हात धुतले, आत पाणी राहतं.”
“लिहायला बसलो, टेबलाला लागतो.”
“शर्टाची बाही अडकते.”
“एका हाताने परत घालता येत नाही, म्हणून राहिला.”
“शेजारच्यांनी विचारलं, हाताला काय झालं.”
“उगीचच बंद पडतो.”
“खाज.”

सेन्सरने मला फक्त ‘हातावर नाही’ एवढंच सांगितलं होतं. वहीने पुढच्या दोन महिन्यांचं काम ठरवलं. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांनी ही वही पहिल्या दिवशी द्यावी. माझा इथे दीड महिना गेला.

५ ऑगस्ट

खाज आधी घेतली. मनगटावर दोन गोल लाल चट्टे होते, प्रत्येकी मसुराएवढे. पट्ट्याखाली सगळीकडे लाली असती तर घाम किंवा घर्षण म्हटलं असतं. पण नेमके दोन आणि नेमके गोल म्हटल्यावर डबी उलटी केली: खालच्या बाजूला दोन स्क्रूंची डोकी. निकेल तपासायचं द्रावण मिळतं ते कापसावर घेऊन डोकी घासली, कापूस गुलाबी झाला. स्क्रूंना निकेलचा मुलामा होता. त्वचेच्या डॉक्टरांनीही निकेलचीच ॲलर्जी सांगितली आणि बरं होईपर्यंत त्या जागी काही बांधू नका म्हणाले. बारा दिवस गेले.

आता स्क्रू वरून लागतात, खाली फक्त प्लॅस्टिक. मोटरच्या धातूच्या चेहऱ्यावर पातळ झिल्ली. रबरी पट्टा काढून विणलेला नायलॉनचा घेतला, तो ओला झाला तरी लवकर वाळतो. डबीच्या तळाला चार कोपऱ्यांत बारीक उंचवटे दिले, त्यामुळे खालून हवा जाते.

१८ ऑगस्ट

जागा. बाबा डाव्या मनगटावर गेली तीस-पस्तीस वर्षं चावीचं घड्याळ घालतात. ते काढा म्हणायचा मला हक्क नाही आणि मी तसं म्हटलंही नाही. म्हणून पट्टा उजव्या मनगटावर होता, आणि उजव्या हाताने ते लिहितात. मनगटाच्या आतल्या बाजूला डबी टेबलावर आपटते, बाहेरच्या बाजूला बाहीत अडकते.

दंडावर बांधून पाहिला. चालताना हळूहळू कोपरापर्यंत घसरतो, आणि काढायला शर्ट काढावा लागतो. कमरेला: बसलं की पोटात रुततो, आणि कंप पोटाशी जाणवल्यावर ते दचकले. घोट्याजवळ: चालताना काहीच कळत नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठात फ्रान्सिन गेम्पर्ली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अंगावरच्या वस्तूंसाठी काही सूत्रं मांडली होती. शरीराच्या कुठल्या जागा वस्तू वागवायला बऱ्या, तेही त्यात आहे: जिथे हालचाल कमी, पृष्ठभाग मोठा, आणि माणसामाणसांत मापाचा फरक थोडा. कोपर आणि मनगट यांच्यामधला हात त्यात येतो. तिथे, डाव्या हातावर, घड्याळाच्या चार बोटं वर बांधला. लिहिणारा हात मोकळा, टेबलाला काही लागत नाही, बाही वरून सरळ जाते.

२३ ऑगस्ट

पण तिथे तो राहिला नाही. दहा मिनिटांत घसरून घड्याळावर येऊन बसतो. आवळला तर वरची कड रुतते आणि खालची कड सुटी राहते. चार दिवस मी पट्ट्याचं कापड बदलत राहिले, आतून रबराच्या रेघाही लावल्या. काही उपयोग नाही.

शेवटी आईने बघितलं आणि म्हणाली, “अगं, हात काय नळकांडं आहे का? बाही कशी बेततात ते बघ.” बरोबर. कोपराकडे हात जाड, मनगटाकडे बारीक, म्हणजे शंकूचा तुकडा. त्यावर सरळ पट्टी गुंडाळली की ती एकाच कडेवर टेकणार. कागद बाबांच्या हाताला नीट चापून गुंडाळला, वर-खाली रेघ मारली, सोडवला तर कागदावर सरळ पट्टी नव्हती, किंचित वळलेली कमान होती. त्या कमानीवर नायलॉन कापून शिवला. दोन्ही कडा सारख्या टेकतात, आवळावा लागत नाही, घसरत नाही. मोटरचा कंपही स्पष्ट झाला, कारण ती आता पूर्ण टेकते.

हा सगळ्या कामातला सर्वांत मोठा फरक पाडणारा बदल, आणि त्यात वीज कुठेच नाही. करणाऱ्यांनी कागदाचं माप सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा घ्यावं. बाबांच्या हाताच्या घेरात संध्याकाळी चार-पाच मिलिमीटरची भर पडते.

२६ ऑगस्ट

बक्कल काढली, पट्टा कड्यातून ओवून मागे दुमडायचा केला. एका हाताने बसतो. वेल्क्रोची काटेरी बाजू आतल्या दिशेला ठेवली, नाहीतर ती बाहीचे धागे ओढते.

चुंबकाची कडी जास्त सोपी गेली असती. पण पेसमेकर असलेल्या माणसाने जोरदार चुंबक छातीपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवावा लागतो, आणि झोपेत, जांभई देताना, नमस्कार करताना हात छातीशी येतोच. बाबांना पेसमेकर नाही, पण हा नमुना पुढे दुसऱ्या कुणाच्या हातावर जाऊ शकतो म्हणून चुंबक टाळला.

३ सप्टेंबर

बटण. इशारा कळला की दाबायचं, म्हणजे तो थांबतो. पहिल्या डबीला स्पर्शाने चालणारी पट्टी होती: ओल्या बोटांना ती दाद देत नव्हती आणि बाही घासली की आपोआप चालत होती. दुसऱ्या डबीला खरं, दाबायचं बटण लावलं, पंजाच्या बाजूला. ते उगीचच दाबलं जायचं आणि कारण कळत नव्हतं. वहीतलं “उगीचच बंद पडतो” ते हेच.

आज समोर बसून नुसतं बघितलं. बाबा खुर्चीतून उठताना दोन्ही पंजे खुर्चीच्या हातांवर टेकवून जोर देतात. पंजा मागे वळतो आणि डबीच्या पुढच्या कडेला भिडतो. मनगटावर होता तेव्हापासून हे चालू होतं; मी स्वतः तसं उठत नाही, म्हणून मला कधी दिसलं नाही. डबी वर सरकल्यावर ते कमी झालं होतं, गेलं नव्हतं. बटण कोपराच्या बाजूला नेलं. समोरच्या कडेला अंगठा टेकवायला खोलगट जागा दिली, नाहीतर बटण दाबताना डबीच सरकते.

९ सप्टेंबर

मोटरची तार तुटली. तिसऱ्यांदा, त्याच जागी, सोल्डरपासून दोन मिलिमीटरवर. दुसऱ्या वेळी मी तिथे गरम डिंक ओतला होता, मग ती डिंकाच्या कडेला तुटली. वाकण्याचा ताण जात नाही, नुसता पुढे सरकतो. आता सिलिकॉनच्या आवरणाची, बारीक अनेक धाग्यांची तार, आणि सोल्डरआधी तिला एक सैल वळसा.

१९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी जुगारातल्या रूलेटच्या चाकाचा अंदाज बांधणारं यंत्र अंगावर घालून कॅसिनोत नेलं होतं. माहिती बुटात अंगठ्याने बटण दाबून भरायची, उत्तर कानातल्या इवल्या स्पीकरमधून सुरांत यायचं. हिशोब बरोबर येत होता. कानाकडे जाणारी केसासारखी तार मात्र पुन्हा पुन्हा तुटत होती. अंगावर घालायच्या यंत्राची ही दुखणी त्याच्या जन्मापासूनची आहेत, हे वाचून मला त्या रात्री धीर आला.

१४ सप्टेंबर

आज वाईट झालं. धाकटा भाऊ दुपारी आला, वीस मिनिटं दारात उभा. बाबा आतल्या खोलीत, पट्टा हातावर, बॅटरी भरलेली. मधल्या दोन भिंतींमुळे ब्लूटूथचा संपर्क तुटला होता आणि पट्टा गप्प होता.

बाबा म्हणाले, “मी निर्धास्त होतो ना. पट्टा नसता तर मी अधूनमधून जाऊन बघितलं असतं.”

हे मी इशाऱ्यांचा विचार करत बसले तेव्हा सुटलं होतं. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी पट्ट्याच्या शांततेचे दोन अर्थ होतात: कोणी आलेलं नाही, किंवा पट्टा मेलेला आहे. हे दोन वेगळे कळले नाहीत तर पट्टा नसलेलाच बरा.

१७ सप्टेंबर

दोन बदल. बटण सहज दाबलं की पट्टा बेलच्या बोर्डाला विचारतो आणि उत्तर आलं तर एक छोटा ठोका देतो. ठोका आला नाही म्हणजे संपर्क नाही. आणि संपर्क मिनिटभर तुटलेला राहिला तर आपण होऊन एक लांब, मंद, हळूहळू विरत जाणारा कंप देतो. तिसरं बोर्ड मधल्या खोलीत लावून निरोप पुढे ढकलायची सोय केली. बाबा दिवसातून पाच-सहा वेळा बटण दाबून खात्री करतात. पहिल्या दिवशी खूप जास्त वेळा केली असावी. मी मोजलं नाही.

बॅटरीचा इशाराही याच दिवशी सुधारला. आधी तो बॅटरी उतरली की लगेच, दर पाच मिनिटांनी यायचा, पहाटे तीन वाजतासुद्धा. आता रात्री दहाला एकदाच येतो, कारण तेव्हा ते चष्मा काढून ठेवतात आणि चार्जिंगची बैठक चष्म्याच्या घराशेजारीच ठेवली आहे.

२८ सप्टेंबर

जेम्स नाइट आणि ख्रिस बेबर यांनी २००२ मध्ये अंगावरच्या संगणकांसाठी सोईची मोजपट्टी मांडली. मनाची अवघड अवस्था, वस्तू अंगावर असल्याची जाण, इजा, आपण वेगळे झालो असं वाटणं, हालचालीला अडथळा आणि धास्ती असे सहा मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते वीस गुण. बाबांशी बोलत तशीच मोजणी केली. बाकी सगळं तीन-चारच्या आत. ‘वेगळे झालो असं वाटणं’ यापुढे त्यांनी १५ लिहिलं.

कारण वहीत होतंच आणि मी ते शेवटपर्यंत मागे टाकलं होतं: “हाताला काय झालं?” काळी डबी आणि लुकलुकणारा निळा दिवा. दवाखान्यातून काहीतरी बांधून आल्यासारखं दिसतं. दिवा माझ्या सोईसाठी होता, बोर्ड चालू आहे हे मला कळावं म्हणून. तो काढला. डबी घासून अडीच मिलिमीटरने पातळ केली. नायलॉनवर वरून चामड्याची तपकिरी पट्टी शिवली, घड्याळाच्या पट्ट्याच्या रंगाची. रंग बाबांनी निवडला.

६ ऑक्टोबर

तोच प्रश्न पुन्हा विचारला. १५चे ५ झाले. वहीत आठवडाभर एकच ओळ, “अंघोळ”.

१९ ऑक्टोबर

दुपारी लवकर परतले. मुद्दाम किल्ली न वापरता बेल वाजवली. बटणावरून बोट काढून पिशवी खाली ठेवते तोवर आतून बाबांचा आवाज आला, “आलो आलो.” यंत्रं डबीतच होती.

साडेचार महिन्यांत बाद झालं ते: तीन बोर्डं, दोन बॅटरी, सहा मोटरी, चार डब्या, आणि किती मीटर नायलॉन ते आईला माहीत.

बाबांच्या एका मित्रांनी पट्टा बघितला, त्यांनाही हवा आहे. त्यांना पेसमेकर आहे. कडीत चुंबक नाही, पण मोटरच्या आत बारीकसा असतोच. म्हणून मोटरचा प्रकार आणि माप कागदावर लिहून दिलं आहे. ते त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून विचारणार आहेत. उत्तर येईपर्यंत सोल्डरिंग नाही. रविवारी त्यांच्या हाताचं कागदाचं माप घ्यायचं आहे, सकाळी आणि संध्याकाळी, आणि त्याच वेळी एक कोरी वही द्यायची आहे.